स्टेम सेलचे इंजेक्शन आणि मुलाचा मेंदू

शाळेत आम्हा शिक्षकांना पालक असे काही प्रश्न विचारतात, ज्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नसतात. मूल चालत नाही, नीट बोलत नाही. कुणीतरी स्टेम सेलचे इंजेक्शन सुचवले आहे, खर्च काही लाख. दागिने मोडायची तयारी आहे. घ्यावे का?

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी. चपाती व्हायची की पुरी, हे अजून ठरलेले नाही. फरक एवढाच, की हा गोळा स्वतःच वाढतही जातो. आईच्या पोटात बाळाचा मेंदू अशाच पेशींतून घडतो. काम झाले की त्यांची वाढ थांबते. पण काही मुलांच्या लहान मेंदूतल्या अपक्व पेशी थांबतच नाहीत आणि त्यांतून मेड्युलोब्लास्टोमा नावाची कर्करोगाची गाठ होते. (सकाळी उठताच डोके दुखणे, उलट्या आणि चालताना तोल जाणे, हे तिन्ही दिसू लागले तर पोट बिघडले म्हणून ओव्याचे पाणी देत बसू नये, डॉक्टर गाठावा.)

मेंदू घडवणारी ताकद अशी दुधारी आहे. इस्रायलच्या एका मुलाची हकिकत यासाठी माहीत हवी. त्याला अ‍ॅटॅक्सिया टेलॅन्जिएक्टेशिया हा आनुवंशिक आजार होता. त्यात शरीराचा तोल हळूहळू जातो. 2001 साली, तो नऊ वर्षांचा असताना, आईवडिलांनी त्याला मॉस्कोला नेले. गर्भपात झालेल्या गर्भांच्या मेंदूतील मूलपेशी त्याच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील द्रवात सोडल्या. पुढे आणखी दोनदा. आजार हटला नाही. तेराव्या वर्षी डोकेदुखी सुरू झाली. तपासणीत मेंदूत आणि पाठीच्या कण्यात गाठी दिसल्या. कण्यातली गाठ काढून तपासली, तर तिच्यात मुलीची गुणसूत्रे असलेल्या पेशी निघाल्या! म्हणजे गाठ त्याच्या शरीरातून उगवलीच नव्हती, इंजेक्शनातून आली होती. 2009 मध्ये डॉक्टरांनी हे सारे प्रसिद्ध केले. त्या आजारात प्रतिकारशक्ती दुबळी असते, म्हणून गाठीला वाव मिळाला असावा, असेही त्यांनी नोंदवले. गाठ संथ वाढणारी होती, हे त्यातल्या त्यात बरे.

मूलपेशींचा इलाज मुळात खोटा आहे, असे मात्र नाही. थॅलेसेमिया, रक्ताचा कर्करोग यांत अस्थिमज्जेतील मूलपेशी देऊन अनेक मुले वाचली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता आहे ती रक्त घडवणाऱ्या मूलपेशींना, रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांसाठी. बाकी सारे संशोधन, आणि संशोधनात रुग्णाकडून इलाजाचे पैसे घ्यायचे नसतात.

म्हणून आमचा मशवरा साधा. मेंदूच्या इंजेक्शनसाठी कुणी लाखांचा आकडा सांगितला, तर त्यांच्या चाचणीची सरकारी नोंदणी आहे का, ते विचारावे आणि लेखी मागावे. मग तो आकडा कागदावर लिहून, तेवढ्यात मुलाची किती वर्षांची फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी होते, याचा हिशोब घरी अम्मी-अब्बांनी मिळून करावा.