पन्ह्याचा मान

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला तिची बोळवण होते. या महिनाभरात सोयीची एखादी दुपार पाहून घरोघरी हळदीकुंकू होते. भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आंब्याची डाळ आणि पन्हे हा त्याचा ठरलेला बेत.

'पन्हे' हा शब्द संस्कृत 'पानक' शब्दावरून आला. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त भावमिश्रांनी आम्रप्रपानकाची कृती दिली आहे. कच्चा आंबा पाण्यात शिजवून हाताने चांगला कुस्करावा, त्यात साखर व थंड पाणी घालावे, कापूर आणि मिरे मिसळावेत. हे पेय भीमसेनाने निर्माण केले, असेही तिथे म्हटले आहे. आमच्या सांगलीच्या घरी साखरेच्या जागी गूळ आला, कापूर-मिऱ्यांच्या जागी वेलदोडा आणि केशर. बाकी कृती तीच. सकाळच्या वरणभाताबरोबर कुकरमध्ये कैऱ्या उकडत. एक वाटी गराला दोन वाट्या गूळ आणि चवीपुरते मीठ, हे आजीचे प्रमाण. हळदीकुंकू उरकल्यावरही बरणीत गर उरे. मग उन्हातून आलेला पोस्टमन असो की शाळेतून आलेली आम्ही मुले, प्रत्येकाला माठातल्या पाण्यात कालवलेले पेलाभर पन्हे मिळे. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ त्याने थोडेफार भरून निघे.

कृतीचा इतिहास ग्रंथांत सापडतो. ती करणाऱ्या हातांचा मात्र घरातच शोधावा लागतो. आजी विधवा होती. हळदीकुंकू सवाष्णींचे आणि कुमारिकांचे, म्हणून त्या दुपारी ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसून पेले भरत असे. तिच्या हातचे पन्हे सगळ्यांना चाले. तिने समोर येणे चालत नसे.

१९८४च्या चैत्रात आईने तिला बाहेर आणून गौरीशेजारी बसवले आणि पहिला पेला तिच्या हाती दिला. कुंकवाचा आग्रह धरला नाही. आजीला तो मानवला नसता. पुढच्या वर्षी दोन घरच्या बायका आल्या नाहीत. आईने त्यांना बोलावणे पाठवणे थांबवले नाही.

ओटी आणि कुंकू सौभाग्याशी बांधलेले आहेत, पन्हे उन्हाळ्याशी. समारंभात असूनही त्याला सौभाग्याची अट नाही. आमच्या घरातली रीत बदलली ती म्हणूनच पन्ह्याच्या पेल्यापासून.