लांबच्या वाटेने लवकर

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती? पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटतं तसा तो आडवा जात नाही. तिबेट, सैबेरिया ओलांडत थेट आर्क्टिकपर्यंत चढतो आणि अलास्काकडून खाली उतरतो. लांबी भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. अंतर विचारलं की संगणक हाच आकडा फेकतो. पण त्यावरून प्रवासाचे तास काढायला जाल तर फसाल.

कारण त्या दोऱ्यावरून विमान नेणं अवघड. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला झटपट तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं. डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत काही मिनिटांपुरताच असतो. खाली जमीनच साडेचार हजारावर, तर उतरणार कुठे? म्हणून पठार शक्यतो टाळतात.

एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, आधीच्या वाटेपेक्षा हजारावर किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा लवकरच!

भागाकार करून पाहा. सरासरी ताशी हजाराच्या वर जाते. हे बोइंग ७७७ विमान हवेत ताशी नऊशेच्या आसपास चालतं. मग वरचे दीडेकशे कुठून आले? वाऱ्याकडून. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा एक अरुंद पट्टा वाहतो, तो जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवर तो कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरही ओलांडतो. विमान ज्या हवेत उडतं ती हवाच पुढे सरकत असली, की जमिनीवरून मोजलेला वेग आपोआप वाढतो. हा वारा वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून मोजला होता. पण त्याने अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, तेव्हा जगाचं लक्ष गेलं नाही यात नवल काय!

परतीला हाच वारा समोरून येणार, म्हणून वैमानिक त्याचा जोर टाळेल अशी वाट धरतात. तरी तास जास्तच लागतात. शिवाय तिकिटावरचे तास गेटपासून गेटपर्यंतचे असतात, धावपट्टीकडे रांगत जाण्याची मिनिटंही त्यात आली.

उरलं घड्याळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या लेकीकडे निघालेल्या आईवडिलांचा गोंधळ होतो तो इथेच. सॅन फ्रान्सिस्को आपल्यामागे हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. समजा जानेवारीत दिल्लीहून पहाटे ३ ला निघालात आणि साडेचौदा तास उडालात, तर तिथे उतराल त्याच तारखेच्या पहाटे ४ ला. तिथलं घड्याळ साडेतेरा तास मागे, म्हणून तारीख तीच राहते. लेकीला विमानतळावर बोलावताना भारतातली नव्हे, तिथली वेळ कळवा.