जहाजाचा टन कोणता?

आमच्या रामपायली गावाच्या नावाचा संबंध श्रद्धाळू जन प्रभू रामचंद्रांच्या पावलांशी जोडतात. आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस मात्र 'पायली' म्हटले की मापच आठवते. पायलीभर तांदूळ व पायलीभर मुरमुरे यांचे माप एक, परंतु वजन निराळे, हे आपल्या घरांतील मुलेही जाणतात. जहाजांच्या मोजणीचे मर्म ह्याच गोष्टीत आहे.

'अमुक हजार टनांचे जहाज' असे ऐकले की तितका माल त्यात मावतो, अशी आमचीही समजूत होती. तांदूळ विशाखापट्टणमच्या बंदरातून पाठविण्याची बोलणी चालली असता ही समजूत आम्हांस महाग पडता पडता राहिली. तेव्हापासून 'टन कोणता?' हा आमचा पहिला प्रश्न असतो.

ग्रॉस टन हे वजन नव्हे. ते जहाजातील बंदिस्त जागेचे माप होय. पूर्वी १०० घनफुटांचा एक टन धरीत. १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार १८ जुलै १९८२ रोजी अमलात आला. तेव्हापासून हा आकडा एकूण घनफळावरून सूत्राने काढतात. नेट टन मुख्यतः माल व उतारू यांच्या जागेवरून ठरतो. डेडवेट म्हणजे भारक्षमता हे मात्र खरे वजन. परंतु त्यात मालाबरोबर इंधन, पाणी, शिधा व खलाशीही आले. चौथे माप विस्थापनाचे, म्हणजे जहाजाने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाचे. युद्धनौका त्याने मोजतात.

आपल्या समाजाचे भूषण, सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने निघालेल्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ती सुमारे ५,९०० टनांची. त्याच कंपनीच्या विशाखापट्टणम येथील कारखान्यातून १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरलेली 'जलउषा' ८,००० टनांची. एवढ्यावरून दुसरी मोठी म्हणणारा फसेल. कारण पहिला आकडा ग्रॉस टनांचा, दुसरा भारक्षमतेचा.

मालावरून जहाजांच्या जाती पडतात: सुटे धान्य, कोळसा व खनिज नेणारी बल्क जहाजे, तेलाचे टँकर आणि पेट्यांची कंटेनर जहाजे. शेवटची वीस फुटी पेट्यांच्या संख्येने मोजतात. आपल्या भरवेलीचे मँगनीज भरल्यास कोठारात पुष्कळ जागा उरली असतानाच जहाज भाररेषेपर्यंत बुडते. मुरमुऱ्यांनी कोठार गच्च भरले तरी भाररेषा पाण्यावरच राहते. म्हणूनच पुष्कळदा वजन व घनफळ यांपैकी जे अधिक भरेल, त्यावर भाडे आकारतात.

जहाजाची बांधणी व यंत्रे तपासून दर्जा देणाऱ्या संस्था निराळ्या. आपल्या देशात ह्या कामासाठी १९७५ साली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग स्थापन झाली. दर्जा नसलेल्या जहाजातील मालाचा विमा उतरविणे कठीण जाते.

तेव्हा निर्यातीस हात घालणाऱ्या आमच्या तरुण बंधूंनी करारावर सही करण्यापूर्वी माल, भाररेषा व दर्जा पाहावा. आणि टन कोणता, हे विचारण्यास मुळीच संकोचू नये.