घरी कोणतं गाणं लागतं?

नव्या पोराला नाव विचारलं की ते अंगठ्याने फरशी उकरत उभं राहतं. ‘घरी कोणतं गाणं लागतं?’ म्हटलं, की निदान मान तरी वर होते. माझी शिक्षकाची नोकरी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांमध्ये झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मी दरवर्षी विचारत आलो. प्रश्न तोच राहिला, उत्तरं बदलत गेली.

सुरुवातीच्या वर्षांत उत्तर जवळजवळ सगळ्यांचं एकच असे. पुणे आकाशवाणी १९५३ पासून सुरू होती. रेडिओवर सकाळी जे भक्तिगीत लागे, तेच पाटसला आणि तेच न्हावऱ्याला. गाण्याच्या भेंड्या लावल्या की पाच मिनिटांत वर्ग दणाणून जाई. पण खरं सांगायचं तर त्यातून कुणाची ओळख होत नसे. सगळ्यांना सगळंच ठाऊक, मग एकाने दुसऱ्याला काय सांगायचं?

कॅसेट आली आणि घरागणिक गाणं वेगळं झालं. कुणाकडे प्रल्हाद शिंदे, कुणाकडे भीमगीतं, चौफुल्याच्या कलाकेंद्रांच्या आसपासच्या पोरांना लावण्या तोंडपाठ. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून येणाऱ्या मुलांकडे तर घरची भाषाच निराळी. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ मिळू लागलं, तेव्हा प्रत्येक खिशात वेगळी पेटी झाली. खरी ओळख करून देणारं गाणं या काळातलं.

आमच्याकडे नवी मुलं फक्त जूनमध्ये येत नाहीत. भीमा-पाटस साखर कारखान्याचा हंगाम लागला, की बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर दिवाळीनंतरही येतात. त्यांतली बंजारा मुलं मराठीत गप्प असत, गोरबोलीतल्या गाण्यात नसत.

मात्र शिक्षकांच्या प्रशिक्षणांमध्ये गाण्यातून ओळखीचा हा खेळ जितका निरुपद्रवी म्हणून शिकवतात, तितका तो नाही. गाणं जात सांगतं. भीमगीत म्हणणाऱ्या मुलाकडे मागच्या बाकावरून कशा नजरा वळतात, ते मी पाहिलं आहे. मे २०१५ मध्ये इथून फार लांब नसलेल्या शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या आंबेडकरांवरच्या गाण्यावरून एका दलित तरुणाचा खून झाला. त्या जूनला मी खेळाचा नियम बदलला. गाणं म्हणायचं, पण ते ‘आमचं’ आहे असं सांगण्याची सक्ती नाही. आणि भीमगीत मी स्वतःच आधी म्हणायचो. गळा बरा नाही, तरी म्हणायचो.

२०१६ मध्ये जिओ आलं आणि काही वर्षांत चक्र उलटं फिरलं. आता रील्समुळे सगळ्यांची गाणी पुन्हा एकच, तीही पंधरा सेकंदांची. मुखडा सगळ्यांना येतो, अंतरा कुणालाच नाही. म्हणून अलीकडे मी घरचा अभ्यास देतो: आजीचं गाणं आणा.

ही कल्पना सुचली ओव्यांवरून. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या काही ऐकायला मिळतात. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाजही त्यांत आहेत. आपल्या तालुक्यातली आजी इंटरनेटवर गाते, याचं मुलांना भारी अप्रूप वाटलं. जातं मात्र निम्म्या वर्गाने लग्नाच्या हळदीलाच पाहिलेलं.

रांजणगाव एमआयडीसीतल्या कामगारांच्या खोल्यांवर आजी नसते. तिथली मुलं गावी फोन लावून गाणं रेकॉर्ड करून आणतात. भोजपुरीचा अर्थ मला लागत नाही, तेव्हा एरवी तोंड न उघडणारं पोर फळ्याशी येऊन एकेक ओळ समजावतं. चुकीच्या मराठीत. वर्ग त्याची मराठी दुरुस्त करत बसतो, तास संपतो आणि गणित राहून जातं.