विज्ञानाच्या पाठाचे स्मरण आणि संकल्पनाचित्र

‘वनस्पती आपले अन्न पानांत तयार करतात,’ हे वाक्य वरच्या वर्गांतील मुले न अडखळता म्हणून दाखवितात. परंतु ‘एवढ्या मोठ्या आंब्याच्या झाडाला अन्न कोठून मिळते?’ असे विचारताच त्यांतील कित्येकांचे उत्तर येते, ‘मातीतून!’ वाक्य पाठ झाले. पण मनातील जुन्या समजुतीशी त्याची गाठच पडली नाही. असे सुटे राहिलेले ज्ञान परीक्षा संपताच विसरले गेले, तर नवल ते काय?

यावर एक सोपा उपाय म्हणजे संकल्पनाचित्र होय. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये ही रीत सिद्ध केली. मुलांच्या मुलाखतींच्या लांबलचक टिपणांतून त्यांचे विज्ञानाचे ज्ञान कसे बदलत जाते, हे ध्यानी येणे कठीण होते. म्हणून ते आकृतीत मांडण्यात आले. नवे ज्ञान पूर्वज्ञानाशी जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण होते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार या रीतीच्या मुळाशी आहे.

वरील पाठाचेच उदाहरण घेऊ. मुलांकडून मुख्य शब्द काढून घ्यावेत : वनस्पती, पान, हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, मुळे, पाणी, कार्बन डायऑक्साइड, माती, अन्न. सर्वांत व्यापक शब्द वर लिहून इतर त्याखाली मांडावेत व प्रत्येकाभोवती चौकट काढावी. नंतर दोन चौकटी बाणाने जोडून त्या बाणावर संबंध दर्शविणारे शब्द लिहावयास सांगावे. ‘मुळे – शोषून घेतात – पाणी’, ‘हरितद्रव्य – ग्रहण करते – सूर्यप्रकाश’, असे वाचता आले पाहिजे. बाणावरील हे शब्द म्हणजेच या चित्राचा प्राण होय. एखाद्या मुलाने ‘माती – देते – अन्न’ असे लिहिले, की त्याची समजूत कोठे चुकली हे शिक्षकांस तत्काळ दिसते. मातीतून पाणी व क्षार मिळतात, अन्न मात्र पानांत बनते, हे त्याच बाणावर बोट ठेवून समजाविता येते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पर्ड्यू विद्यापीठातील कार्पिक व ब्लंट यांनी २०११ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढले. काहींनी तो दूर ठेवून आठवेल ते लिहिले. आठवड्यानंतर दुसऱ्या गटाला अधिक आठवले. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच दाखविले, की पुस्तक मिटून काढलेले संकल्पनाचित्रही तितकेच गुणकारी ठरते. तात्पर्य, गुण केवळ चौकटींत नसून आठवण्याच्या श्रमात आहे.

म्हणून शिक्षकांनी फळ्यावर सुबक चित्र काढून ते उतरवून घेण्यास सांगू नये. पाठ संपल्यावर पुस्तके मिटवावीत, प्रत्येक मुलाला पाटीवर स्वतःचे चित्र काढू द्यावे आणि मगच पुस्तक उघडून ते तपासावयास सांगावे. आठवड्याने तेच चित्र पुन्हा काढून घ्यावे. पहिल्या खेपेस ते अपुरे, वेडेवाकडे निघेल. त्यात रिकामी राहिलेली जागाच पुढे काय शिकवावयाचे, हे शिक्षकांस सांगेल.