उतारावर न्यूट्रल: बचत किती, धोका किती?

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने मिरा-भाईंदरकडे येताना गायमुखचा चढ संपला की काजूपाडा, चेण्याच्या दिशेने उतार लागतो. इथे अनेक चालकांचा हात सवयीने गिअरवर जातो आणि गाडी न्यूट्रलमध्ये पडते. काही जण तर किल्ली फिरवून इंजिनच बंद करतात. ‘उताराला गाडी आपली आपण चालते, मग इंधन कशाला जाळायचं?’ हा त्यामागचा हिशेब. पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडल्यावर तो पटण्यासारखाही वाटतो. पण आजच्या गाड्यांना तो लागू पडत नाही.

एके काळी या हिशेबात तथ्य होतं. पद्मिनी, ॲम्बॅसेडर या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. गाडी गिअरमध्ये उतरत असली की इंजिन वेगाने फिरे आणि हवेबरोबर पेट्रोलही ओढून घेई. न्यूट्रलमध्ये इंजिन संथ होई, त्यामुळे थोडं पेट्रोल वाचे. जुन्या चालकांनी हीच युक्ती नव्यांना शिकवली.

पुढे कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. आता इंजिनात किती इंधन सोडायचं, हे संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या वर आहेत, हे कळताच तो इंधन पूर्ण तोडतो. त्या वेळी चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावंच लागतं. लहान पेट्रोल गाडीला त्यासाठी तासाला साधारण ०.६ लिटर, म्हणजे मिनिटाला १० मिलिलिटर पेट्रोल लागतं. दोन मिनिटांच्या उतारावर गिअरमध्ये खर्च शून्य, तर न्यूट्रलमध्ये सुमारे दोन रुपये!

अगदी सौम्य उतारावर गिअरमधली गाडी मंदावते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, हे खरं. तिथे न्यूट्रलने थोडीफार बचत होऊ शकते. पण तीही रुपया-दोन रुपयांचीच.

ब्रेकवर सगळा भार

आता धोक्याकडे पाहू. एक टनाची गाडी ५० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. दीड लिटर पाणी उकळायला ती पुरेशी आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला बराच वाटा इंजिन रोखून धरतं. न्यूट्रलमध्ये तो भार ब्रेकवर पडतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइलला उकळी फुटली तर त्यात बुडबुडे होतात आणि पेडल नुसतंच खाली जातं. ४० टनांच्या ट्रकमध्ये हीच उष्णता ४० पट असते.

इंजिन बंद करणं याहून घातक. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पेडल दाबताच संपते. मग त्याच ब्रेकसाठी कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली बाहेर काढली तर लॉकही होऊ शकतं. ट्रकच्या एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. तो थांबला की प्रत्येक ब्रेकबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते.

पुण्यात २० नोव्हेंबर २०२२ रोजी कात्रजच्या नव्या बोगद्यापुढच्या उतारावर, नवले पुलाजवळ, एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं.

मग काय करावं?

ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणा. ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा आणि सोडा. क्लच दाबून उतरू नका, त्याचाही परिणाम न्यूट्रलसारखाच होतो. विजेच्या गाडीत उतारावर मोटर बॅटरी चार्ज करते आणि वेगही रोखते. तीही न्यूट्रलमध्ये टाकली तर दोन्ही फायदे जातात.

इंधन खरोखर वाचवायचं असेल तर इंजिन बंद करावं ते गाडी उभी असताना. काशिमिरा नाक्यावरचा लांब सिग्नल, घोडबंदरची न हलणारी कोंडी, ही त्याची जागा. दहा मिनिटं इंजिन बंद ठेवलं तर १०० मिलिलिटर, म्हणजे दहा रुपयांचं पेट्रोल वाचतं. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासा. पुढे सिग्नल लाल दिसला की गिअर तसाच ठेवून लवकर पाय काढा. तेवढ्या अंतरात इंधन लागत नाही आणि ब्रेकही कमी झिजतात. या सवयींतून होणारी बचत रोजची आहे आणि त्यासाठी उतारावर कुणाचा जीव पणाला लावावा लागत नाही.