शेतातला गोठा आणि चाहुलीने लागणारा दिवा

शिरूर कासार तालुक्यात शेतावरच्या गोठ्यातून किंवा शेडमधून रात्री चारा काढताना हात मोकळे नसतात. अशा ठिकाणी माणूस येताच लागणारा सेन्सर दिवा, आणि भारनियमनाचा विचार करता शक्यतो सौर पॅनेल व बॅटरी असलेला, फार उपयोगी ठरतो.

यातील 'पीआयआर' सेन्सर, म्हणजे स्वतः किरण न सोडता उष्ण शरीराचे अवरक्त किरण टिपणारा घटक, समोरून सरकणाऱ्या उष्णतेतील बदल ओळखतो. सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे शरीर त्याला लवकर कळत असल्याने तो दारालगतच्या बाजूच्या भिंतीवर, सुमारे 2 ते 2.5 मीटर उंचीवर बसवावा.

उन्हाळ्यात भोवतालचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले, की सेन्सरची संवेदनक्षमता घटते. शिवाय गाईबैलांमुळेही दिवा लागतो, म्हणून त्याचा रोख दावणीकडे नसावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साप शीतरक्ताचा असून त्याचे तापमान भोवतालासारखेच असल्याने हा सेन्सर त्याला सहसा टिपत नाही. त्यामुळे दिवा विझलेला आहे म्हणजे मण्यार किंवा घोणस नाही, असे मुळीच समजू नये, आणि प्रकाशात जमीन नीट पाहूनच कडब्याची पेंढी उचलावी.